मिस्त्रींचा गिलावा

मिसाओनं दारात चपला काढल्या, आत पाहिलं आणि तिथंच मटकन बसली. घर लखलखत होतं.

भूकंप होऊन महिना उलटला होता. गल्लीतल्या घराघरावर निळ्या ताडपत्र्या पडलेल्या, कोपऱ्यावर फुटक्या काळ्या कौलांचे ढीग. आणि इथं गेन्साकू मिस्त्रींच्या घरात चटया झाडून-पुसून स्वच्छ, भिंती गुळगुळीत, कोनाड्यात कॅमेलियाचं एक फूलसुद्धा. त्यांच्या बायकोनं, सुएनो काकूंनी, पाहुण्यांचे ठेवणीतले पेले काढले, चहा ओतला, शेजारी मुळ्याच्या लोणच्याची बशी सरकवली.

"विमा कंपनीचा पाहणीवाला येऊन गेला ना?" मिसाओनं विचारलं.

"परवाच," मिस्त्री खुशीत म्हणाले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. "कुरेबायाशी नाव त्याचं. भला माणूस. म्हणाला, अख्ख्या गल्लीत धडधाकट घर तुमचंच."

"आणि भिंतीच्या भेगा?"

"कुठल्या भेगा? शोधून दाखव बरं पोरी, मिसाओ-चान."

मिसाओनं शोधल्या. भिंतीवर हात फिरवला, खांबापाशी ओणवी झाली, डोळे बारीक केले. काही म्हणजे काही सापडेना. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याच भिंतीतल्या भेगेत तिचा अख्खा पंजा गेला होता, आणि हा मधला खांब जोत्यासकट खचलेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण मिस्त्रींच्या हातचा गिलावा तो. त्यांनी लपवलं म्हणजे लपलंच.

"मिस्त्री, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात आणि वर पॉलिशही केलंत," ती म्हणाली.

मिस्त्री खो-खो हसले. त्यांना ती तारीफ वाटली.

आता या मिसाओचं सांगायला हवं. वीस-बावीस वर्षं ती या किनाऱ्यावर दारोदार फिरून घरांचा विमा विकत होती. थंडीत नाक लाल, उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा, आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य: काही झालं तर मी आहे. निवृत्त झाली, कंपनीचा बिल्ला परत केला, पण ते वाक्य काही परत करता आलं नाही. भूकंपानंतर तिसऱ्याच दिवशी तिनं गावसभेच्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून, एक टेबल टाकलं. लोक यायचे, ती त्यांच्याबरोबर बसायची, कंपनीला काय सांगायचं ते शिकवायची. आणि सगळ्यांना ओरडून एकच गोष्ट सांगायची: आधी फोटो, मग झाडू.

पण ऐकेल तो आपला गाववाला कसला. घरी परका माणूस येणार आणि त्याला पसारा दाखवायचा? छे. लोकांनी फुटकी भांडी पुरली, पडलेली कपाटं उभी केली, भेगांवर दिनदर्शिका टांगल्या. पाहणीवाला आला की चहा द्यायचा, मान लववायची आणि म्हणायचं, आमचं काही फारसं नाही हो, बाकीच्यांचे खरे हाल झाले. बाकीचेही तेच म्हणायचे. मिसाओला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही यायचं, कारण तिच्या स्वतःच्या आईनं भूकंपाच्या दिवशी आधी अंगण झाडलं होतं.

कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं. मिस्त्रींच्या घराचं नुकसान किरकोळ. भरपाईच्या चार पायऱ्यांतली सगळ्यात खालची. एवढ्या पैशात छपराचा कोपराही व्हायचा नाही.

ते उत्तर वाचून निघालेल्या मिसाओला सुएनो काकू फाटकापर्यंत सोडायला आल्या. कधी चार शब्द जास्त न बोलणारी बाई, पण त्या दिवशी फाटकाची कडी धरून बोलत राहिल्या.

"छप्पर येत्या हिवाळ्याचं बर्फ पेलणार नाही. ह्यांना माहीत आहे. मुलगा शरद ऋतूत येऊन आम्हाला ओसाकाला नेणार म्हणतो. सातवा मजला. पोरगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथं हे करतील काय गं? रंध्याचा आवाज कानावर पडला नाही तर ह्यांना जेवण जात नाही."

"मग त्यांना म्हणावं, पुन्हा पाहणी मागा. मागता येते."

"म्हणून पाहिलं. म्हणाले, मी बांधलेलं घर वाकलं, हे मी माझ्या तोंडानं सांगू?"

मिसाओ तणतणत शेजारच्या घरात शिरली. तिथं त्सुरुयो राहायची, मासे सुकवून विकणारी, तोंडाची फटकळ. तिच्या न्हाणीघराची भिंत बाहेर फुगली होती, दार लागत नव्हतं, आणि तिलाही उत्तर आलं होतं किरकोळ म्हणून.

"तू पाहणीवाल्याला ही भिंत दाखवली नाहीस?"

"पडदा लावला होता," त्सुरुयो म्हणाली.

"का? तू तर मेलेल्या माशालाही चार शब्द सुनावतेस."

त्सुरुयोनं मिस्त्रींच्या घराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे घर कुणी बांधलं, मिसाओ? मिस्त्रींनी. त्यांनी बांधलेलं घर मोडलं, असं मी परक्या माणसाला सांगू? माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी मजुरी अर्धी घेतली होती. आणि त्यांच्या स्वतःच्या घराला तर म्हणे ओरखडा नाही. मग आमचंच तेवढं कसं मोडलं? आम्हीच नीट वापरलं नसेल, नाही का?"

मिसाओ पुढच्या घरी गेली. त्याच्या पुढच्या घरीही. या गल्लीतली सगळी घरं मिस्त्रींच्या हातची. कुणी जिना दडवला होता, कुणी तुळई. कारण विचारलं की सगळ्यांची नजर त्याच एका दाराकडे जायची. एका म्हाताऱ्याच्या अब्रूपायी अख्खी गल्ली हिवाळ्यात उघडी पडणार होती, आणि त्या म्हाताऱ्याला याचा पत्ताच नव्हता.

ती परत फिरली. मिस्त्री मागच्या खोपटात पटाशीला धार लावत होते.

"मिस्त्री, त्सुरुयोच्या न्हाणीघराची भिंत बाहेर आली आहे."

हात थांबला. "ती तर म्हणाली, काही झालं नाही."

"तुमच्यासाठी म्हणाली. सगळेच म्हणतात. तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून कुणी तोंड उघडत नाही. तुम्ही गिलावा एका घराला दिलात, बुजल्या सगळ्यांच्या भेगा."

मिस्त्रींनी पटाशी फडक्यात गुंडाळली, पुन्हा उलगडली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मिसाओला वाटलं, आता हाकलून देतील.

"मी काय म्हणायचं लोकांना?" ते शेवटी म्हणाले. "की गेन्साकूचं काम कच्चं?"

"मला एक सांगा. त्या दिवशी या गल्लीत कितीजण गेले?"

"कुणीच नाही. देवाची कृपा."

"देवाची असेल. पण माझं टेबल जिथं आहे, तिथं रोज खाडीपलीकडची माणसं येतात. तिकडे घरं माणसांवर पडली. तुमची घरं वाकली, फुगली, खचली, पण पडली नाहीत. माणसं बाहेर पडेपर्यंत त्यांनी दम धरला. घरानं मार खाल्ला तुमच्यासाठी, आणि तुम्ही तो मार लपवता? लाज कसली वाटते? मला तर तुमचा अभिमान वाटतो."

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. डोळे पुसले की भुसा, कोण जाणे.

"त्या कुरेबायाशीला बोलाव," ते म्हणाले. "आणि गल्लीलाही बोलाव."

पुन्हा पाहणी होती त्या दिवशी काकूंनी घर झाडलं नाही. त्यासाठी त्यांना हात मांडीखाली दाबून बसावं लागलं. ठेवणीतले पेले कपाटातच राहिले; चहा टवके उडालेल्या पेल्यांतून आला. गल्लीतली माणसं अंगणात उभी, चुळबुळत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. त्सुरुयोनं येताना सुकवलेली माकुळं आणली होती, कारण रिकाम्या हातानं कुणाच्या दुःखाला जाऊ नये म्हणे.

कुरेबायाशी आला, वाकला, वही काढली. "मागच्या वेळी मला काहीच दिसलं नव्हतं," तो ओशाळून म्हणाला.

"दिसणार कसं? मी केलं होतं," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी थापी उचलली आणि स्वतःच्या गिलाव्यावर घातली. एक ढलपा पडला, दुसरा पडला. आतून भेग निघाली, जोत्यापासून आढ्यापर्यंत. मिस्त्री गुडघ्यावर बसले, जमिनीची फळी उचलली आणि खचलेल्या खांबाखाली ठोकलेल्या पाचरी दाखवल्या.

"हे घर मी बांधलं," ते म्हणाले, कुरेबायाशीला कमी आणि अंगणाला जास्त. "हे मोडलंय. तुमचीही मोडली आहेत. मी बांधली म्हणून मोडली नाहीत, आणि मी बांधली म्हणून तुम्ही लपवायचीही नाहीत. जा, पडदे काढा."

त्सुरुयो म्हणाली, "मिस्त्री, राग मानू नका हं, पण माझं न्हाणीघर तुमच्यापेक्षा जास्त मोडलंय."

"शक्यच नाही," मिस्त्री म्हणाले, आणि सगळे हसले.

कुरेबायाशीनं ओळंबा सोडला, मोजलं, फोटो काढले, पुन्हा मोजलं. तो निघेपर्यंत तीन घरांच्या माणसांनी त्याची वाट अडवली होती. मिसाओ त्याच्यासोबत दारोदार हिंडली, अगदी पूर्वीसारखी. फरक इतकाच, की या वेळी ती विकत नव्हती. ज्या उंबऱ्यांवर तिनं शब्द दिला होता, त्याच उंबऱ्यांवर तो शब्द पाळत होती.

उत्तरं पावसाळ्याआधी आली. मिस्त्रींचं घर दोन पायऱ्या वर चढलं. छप्पर होणार होतं, जोतंही. काकूंनी ओसाकाला फोन लावला आणि मुलाला इतकंच सांगितलं की शरदात ये, पण कौलं चढवायला ये.

गावसभेच्या खोलीत त्या संध्याकाळी साके, तांदळाची दारू, फिरली. कुणीतरी मिस्त्रींना आग्रह केला, दोन शब्द बोला. ते उठले, जाकीट नीट केलं, सगळ्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. खाडीपलीकडून आलेला एक माणूस मिसाओच्या टेबलापाशी बसला होता. मिस्त्रींनी त्याच्याकडेच पाहून, छाती पुढे काढून सांगितलं,

"आमच्या गल्लीतली सगळी घरं मोडली. मीच बांधलेली. एकही पडलं नाही."