खिळ्यावरचा सायलेन्सर

मित्रांनो, मी एका मोटरसायकलचा जुना सायलेन्सर आहे. संशयी स्वभाव मला कारखान्यातच जडला. माझ्या पोटात जाळ्या आणि पडदे बसवून झाल्यावर तपासनीसाने बॅटरी मारून आत डोकावले, टिचकी मारली आणि पुन्हा डोकावले. जन्मल्याबरोबर असा अविश्वास वाट्याला आला, की आपणही कुणावर चटकन भरवसा ठेवत नाही.

माझे मालक वायरमन. सुरुवातीला ते मला जुन्या बनियनने रोज पुसत. इंजिनाचा आवाज पोटात जिरवायचा आणि धूर गाडीच्या पार मागे नेऊन सोडायचा, हे माझे काम. "गाडी आहे की शिलाई मशीन!" असे शेजारी कौतुकाने म्हणत. मालक हसत, पण ते हसू मला खरे वाटत नसे.

माझा संशय खरा ठरला. एके दिवशी मालक मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीने इंजिनात पेट्रोल जास्त जाईल अशी सोय केली आणि माझ्याकडे पाना रोखून म्हणाला, "दादा, ह्यानं गाडीचा गळा धरलाय. आखूड नळी लावू, मग बघा कशी पळते!"

मी शेडमधल्या खिळ्यावर गेलो. माझ्या जागी आला बोंबल्या. हे नाव मीच ठेवले. चकचकीत, आखूड, आणि गल्लीच्या टोकापासून आपण आल्याची दवंडी पिटणारा. मालक खूश. मी मात्र खिळ्यावरून एकेकाचा हिशेब ठेवत होतो.

मालकांची मुलगी टिकली मागे बसून शाळेत जायची. बोंबल्या आल्यापासून ती रोज कुरकुरू लागली. "आई, डोकं दुखतंय. मळमळतंय."

"पहिला तास गणिताचा आहे ना?" मालकीणबाई विचारत. त्या माझ्याहून संशयी. "शनिवारी गणित नसतं तेव्हा बघते कसं दुखतं ते." शनिवारीही दुखले. डोळे तपासून आणले, तेही ठणठणीत. मग तर ढोंगाचा संशय पक्काच झाला. त्यात डबा भरलेलाच परत येई आणि उजव्या पायाचा मोजा काळाकुट्ट होई. "एकच मोजा मळवायला काय एका पायावर खेळतेस?" टिकली रडकुंडीला येई. पोर खोटे बोलत नव्हते, पण घरात तिच्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता.

अशात धुराच्या चाचणीची तारीख आली. मला खिळ्यावरून काढले, तेव्हा वाटले, झाले, आता भंगारवाला! पण मिस्त्रीने मला गाडीला जोडले आणि पेट्रोलही कमी केले. "चाचणीपुरतं हो दादा. मग आहेच आपला नवा!"

चाचणीवाल्या बाईंनी माझ्या तोंडात नळी घातली, आकडे पाहिले आणि मग वाकून माझे नट न्याहाळले. "दादा, सायलेन्सर गंजलेला आणि नट लखलखीत? नट आत्ताच पिळलेत. हा भाड्यानं आणलेला कोट दिसतोय."

"छे हो, गाडी धुतलीय आत्ताच," मालक म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या. आकडे बरोबर होते. त्यांना प्रमाणपत्र द्यावेच लागले.

मिस्त्री बाहेरगावी गेला, म्हणून मी काही दिवस गाडीवरच राहिलो. टिकली मागच्या सीटवर गाणे म्हणत शाळेत जाऊ लागली. डबा रिकामा येऊ लागला.

"डबा कुणाला दिलास?" मालकीणबाईंनी डोळे बारीक केले.

"मीच खाल्ला!"

मिस्त्री परतला, बोंबल्या पुन्हा चढला. त्याच संध्याकाळी डबा भरलेला आणि मोजा काळा. मालकीणबाई मोजा हातात घेऊन शेडमध्ये आल्या. बोंबल्याच्या तोंडाशी वाकल्या. ते तोंड नेमके मागे बसणाऱ्याच्या उजव्या पायाशी होते. त्यांनी मोज्याची स्वच्छ बाजू आत फिरवली, बाहेर काढली. तीच काजळी.

"अहो, उद्या मी चालवते. तुम्ही मागे बसा."

"तू? कशाला?"

"बसा तर खरं. तुमचा काही गणिताचा तास नाही."

दुसऱ्या दिवशी टिकली शेजारणीबरोबर चालत गेली आणि हे दोघे ऐन गर्दीच्या रस्त्याने फिरून आले. मालक उतरले ते कपाळ दाबतच. "जरा पाणी दे. गरगरतंय."

"ढोंग नाही ना?" मालकीणबाईंनी विचारले.

मालकांनी स्वतः पाना घेतला आणि मला खिळ्यावरून उतरवले. मिस्त्रीला बोलावून पेट्रोलही पूर्ववत करून घेतले. संध्याकाळी टिकलीला जवळ घेऊन म्हणाले, "तू खरं सांगत होतीस बाळा. आम्हीच ऐकलं नाही."

आता माझ्या खिळ्यावर बोंबल्या लटकतो. माझे लक्ष असते त्याच्यावर.

पुढच्या चाचणीला बाई पुन्हा वाकल्या. त्यांनी नटांवरून बोट फिरवले, बोटाला लागलेला तांबूस गंज पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. "आता कोट स्वतःचा दिसतोय!"

म्हणून सांगतो मित्रांनो, गाडी किती पळते हे जरूर बघा, पण तिचा धूर कुणाच्या अंगावर जातो, तेही बघा. आणि मालकांनी मला अधूनमधून पुसत जावे. फक्त नटांवरचा तो गंज तेवढा राहू द्यावा. माझ्या मालकांचे खरे प्रमाणपत्र तेच आहे.