मानमोडीच्या सालातली पत्रं

जावयाने सासूला काम सांगायचं, तेही बाळंतिणीच्या घरात, याची श्यामलाबाईंना आधी गंमतच वाटली. लेकीच्या, मितालीच्या, पहिल्या बाळंतपणासाठी त्या एकट्याच पुण्याहून सातासमुद्रापार पॉइंट कुकला आल्या होत्या. नवऱ्याला, दीनानाथरावांना, विमानाचं वावडं. हळिवाचे लाडू, बाळाचं न्हाणं, धुरी दिली की कोकलणारा स्मोक अलार्म, हे सगळं निस्तरून त्या दुपारी कुठे टेकतात, तोच हृषिकेशने डायनिंग टेबलावर पत्रांचा गठ्ठा आणून ठेवला.

पत्रं त्याच्या पणजोबांची. वाईहून नागपूरच्या धाकट्या भावाला लिहिलेली, मानमोडीच्या तापाच्या, म्हणजे १९१८च्या साथीच्या, सालातली, सगळी मोडीत. श्यामलाबाईंना सासऱ्यांनी मोडी शिकवली होती. गठ्ठा कैक महिने गराजमध्ये धूळ खात पडलेला आणि आता एकाएकी त्याची घाई.

"आई, तुम्ही वाचा, मी रेकॉर्ड करतो. तुमच्याच फोनवर करू या, माझा मीटिंग्जना लागतो."

फोन त्याच्याकडे गेला तो गेलाच. कधी चार्जिंगला, कधी अपडेटला. श्यामलाबाईंनी मनाला लावून घेतलं नाही. जावई गुणी होता आणि गुणी माणसावर संशय घ्यायला वेळ लागतो.

पत्रांत मात्र त्या रमल्या. रॉकेल मिळत नाही, साखर महागली, कैसरची लढाई संपत आली असं वर्तमानपत्र म्हणतं. खालच्या आळीत ताप आहे, आमच्याकडे सर्व क्षेम. पुढच्या पत्रात ताप शेजारी आलेला. त्याच्या पुढच्यात, जाता जाता एक ओळ: चि. गोदीस जरा कसर आहे, काळजी नसावी.

त्या दुपारी वाचलेलं पत्र आनंदाचं होतं. लढाई थांबली, शाळेला सुट्टी, मुलांना पेढे. शेवटी नेहमीसारखं बापूचा नमस्कार, ठकीचा नमस्कार. श्यामलाबाई थांबल्या. चष्मा वर सारून त्यांनी शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या.

"गेली हो पोर," त्या म्हणाल्या.

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहितील कसे? परगावी एकटा भाऊ, त्याला एकदम धक्का नको. आमचे सासरे सांगायचे, पत्रात कोण आहे ते बघू नये, कोण नाही ते बघावं. बाकी सगळ्या मुलांचे नावानिशी नमस्कार आहेत आणि गोदीचं नाव गळलंय. वाचणाऱ्याने काय ते समजायचं."

हृषिकेशचा चेहरा पांढराफटक पडला. "एक मिनिट हं आई, कॉल आहे," म्हणत तो उठला. फोन काही वाजला नव्हता.

तेव्हा श्यामलाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रोज संध्याकाळी तो पुण्याची खबरबात सांगायचा. पुतण्याची, निमिषची, नवी गाडी, महापालिकेची निवडणूक, सोसायटीचं पाणी, शेजारच्या कुलकर्ण्यांचा गुडघा. दीनानाथरावांची एकुलती एक लेक बाळंत झालेली आणि त्यांचा स्वतःचा असा एक शब्द नाही? त्या उठून त्याच्यामागे गराजमध्ये गेल्या. तो वॉशिंग मशीनला टेकून उभा होता.

"हृषिकेश, सगळ्यांचं सांगता. ह्यांचं का नाही सांगत?"

तो मशीनचं झाकण उघडून उगाच आत बघू लागला.

"माझी शपथ आहे."

"झोपेतच गेले, आई," तो कसाबसा म्हणाला. "निमिषने सगळं केलं. मितालीचं बीपी अजून उतरत नाहीये. डॉक्टर म्हणाल्या, शॉक बसला तर फिट येऊ शकते. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुमच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं असतं."

श्यामलाबाईंना त्याचा संताप आला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्याचा शेवट तिऱ्हाइतासारखा कळावा! त्यांनी हात उगारला, पण तो त्यांच्याच कपाळावर पडला. त्याने मशीन चालू केलं. त्या खडखडाटात, धुवायला काढलेली दुपटी तोंडाशी धरून त्या रडल्या. हृषिकेश दाराशी उभा राहून जिन्याकडे लक्ष ठेवत होता.

वरून हाक आली. "आई गं! कुठेयस?"

श्यामलाबाईंनी तोंड धुतलं. हात मंगळसूत्राकडे गेला, घुटमळला आणि खाली आला. विस्कटलेलं कुंकू त्यांनी बेसिनवरच्या आरशात बघून नीट केलं. हे करताना त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"निमिषला सांगा, दहावं उरकून घे म्हणावं, माझी वाट बघू नको," त्या हळूच म्हणाल्या. "आणि फोन माझ्याकडे द्या."

मिताली उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरची सूज अजून उतरली नव्हती. बाळ कुशीत झोपलं होतं.

"डोळे काय लाल झालेत तुझे?"

"त्या मेल्या पत्रांची धूळ."

"आज तरी बाबांशी बोलणं झालं का गं? मला कुणी लावूनच देत नाही."

हृषिकेश दारात थिजला. श्यामलाबाईंनी पलंगावर बसून तिच्या केसांवरून हात फिरवला.

"झालं की, आत्ताच बोलले. नातू कुणावर गेलाय, एवढंच विचारत होते. आवाज बसलाय त्यांचा, म्हणून जास्त नाही बोलले."

मिताली हसली. "मग उद्या व्हिडिओ कॉल लाव. त्यांना बाळ दाखवू."

"लावू की," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि उद्या काय सांगायचं ते शोधू लागल्या.