माझ्या पोटातली खोटी पाटी

मी एक जुनी वेबसाइट आहे. मित्रांनो, जुनी म्हणून नाक मुरडू नका. ते काम माझे मीच करते, कारण मला माझीच किळस येते.

एका औषधांच्या दुकानाची मी उणीपुरी एका पानाची वेबसाइट. दुकानातल्या संगणकावर दिवसभर उघडी असते, त्यामुळे काउंटरवर कोण काय बोलले ते सगळे माझ्या कानावर पडते.

मला बनवले दुकानदाराच्या भाचीने. मुलगी अशी, की घरात मिठाच्या डब्यावरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी लावायची. तिने वर दिसणारा मजकूर लिहिला आणि त्याला आतून पाट्या लावल्या. हे दुकानाचे नाव, हा पत्ता, हा फोन, या वेळा: सोमवार ते शनिवार नऊ ते नऊ, रविवारी बंद. या पाट्या माणसांना दिसत नाहीत, त्या यंत्रांसाठी असतात. पाटी असली की कुठला आकडा वेळेचा आणि कुठला फोनचा हे यंत्राला नेमके कळते. मग कोणी आपल्या फोनला "दुकान उघडं आहे का?" असे विचारले, की तो माझी पाटी वाचून उत्तर देतो.

"दिसत नाही त्याच्यावर एवढी मेहनत कशाला गं?" दुकानदाराने विचारले होते.

"मामा, ऑपरेटरबाईंना विचारा."

ऑपरेटरबाई म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, दोन्ही डोळ्यांनी अंध. फोनमधला आवाज त्यांना सगळे वाचून दाखवी. त्यांच्या यजमानांना दमा, म्हणून दम्याचा पंप न्यायला त्या नेहमी येत. "बाकीच्या साइटवर मी नुसती चाचपडत बसते," त्या एकदा म्हणाल्या, "ही मात्र सरळ सांगते." त्या दिवशी मला आभाळ ठेंगणे झाले.

पुढे भाची नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि मी दुकानदाराच्या जावयाच्या हाती पडले. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी त्याची हुशारी. त्याने माझा मजकूर पुसून एक भलेमोठे गुलाबी चित्र डकवले. त्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस उगाचच हसत असतो. त्याने या दुकानात कधी पायही ठेवलेला नाही. पत्ता, फोन, वेळ, सगळे त्या चित्रातच नक्षीदार अक्षरांत कोंबले. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी चित्राला आतून वर्णनाची पाटी लावायची असते. तिथे त्याने लिहिले: 'सर्वोत्तम औषधे, स्वस्त औषधे, जवळचे औषध दुकान.' तेही चाळीस वेळा! शी! उष्टे खरकटे तोंडात कोंबावे तसे वाटले मला. आणि वेळेच्या पाटीवर लिहिले, 'रोज, चोवीस तास.'

"पण रविवारी आपण बंद असतो ना?" दुकानदार म्हणाला.

"अहो बाबा, शोधणाऱ्याला आपलं दुकान सगळ्यात वर दिसायला नको का? आणि ते आतलं असतं. कोणाला दिसतंय?"

दुकानदाराने पाटी तशीच राहू दिली. जावयाला बोलणार कोण? आपलेच दात, आपलेच ओठ. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माझी गत झाली.

मग तो रविवार आला. भर दुपारी यजमानांना धाप लागली आणि पंप रिकामा निघाला. बाईंनी फोनला विचारले. फोनने मला विचारले. आणि मी, मित्रांनो, मी सांगितले, "आता उघडे आहे."

शेजारणीला यजमानांपाशी बसवून बाई काठी टेकत आल्या आणि बंद शटरवर हात आपटत राहिल्या. समोरच्या शिंप्याने त्यांना स्कूटरवर बसवून लांबच्या दुकानात नेले. पंप घेऊन त्या घरी पोचेपर्यंत यजमानांचे ओठ निळे पडले होते. त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले.

सोमवारी बाई दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि मला मोठ्याने वाचायला लावले. "सर्वोत्तम औषधे, स्वस्त औषधे, जवळचे औषध दुकान, सर्वोत्तम औषधे..." गिऱ्हाइके थांबून ऐकू लागली. दुकानदाराने मला पहिल्यांदाच ऐकले. त्याची मान खाली गेली. माझी ओकारी माझ्याच आवाजात बाहेर पडत होती आणि थांबत नव्हती.

"अहो मावशी, ते आतलं आहे," जावई पुटपुटला. "ते कोणाला दिसत नाही."

"मला तेवढंच दिसतं," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने तिथूनच भाचीला फोन लावला. "तुझ्या पाट्या परत लाव गं," एवढेच बोलला. तिने दोन दिवसांत मला धुऊन पुसून काढले. तो हसरा माणूस गेला आणि 'रविवारी बंद' परत आले. यजमानही घरी आले, पण आता दोन पायऱ्या चढले की थांबतात.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारख्या वेबसाइट बनवाल. रंग हवे ते द्या. पण आतली पाटी लिहिताना, कोणीतरी तिच्या भरवशावर भर उन्हात घराबाहेर पडणार आहे, हे ध्यानात ठेवा.

आता माझ्या पोटात एकही खोटी पाटी नाही. बाई अजूनही मला ऐकतात, अगदी शेवटपर्यंत ऐकतात. आणि मग दुकानात फोन करून विचारतात, "खरंच उघडं आहे ना हो?"