रोलरला रंग देऊ नका

ही गोष्ट २०१९ च्या मार्चची. मित्रांनो, मी नगरपरिषदेचा एक जुना रोडरोलर आहे आणि आज मी रागात बोलणार आहे. परतवाड्याच्या वाटेवरच्या एका लहानशा गावात मी उभा असतो. गावाचे नाव सांगत नाही. उगाच भांडण नको.

मी नवा आलो तेव्हा बायकांनी माझ्या चाकाला हळदकुंकू लावले होते. तेव्हा रस्त्याची किंमत लोकांना ठाऊक होती. काळ्या मातीत गाडी रुतली की माणसाची दुपार तिथेच जायची. नत्थुजी मला चालवायचे. आम्ही एक रस्ता केला की तो वर्षानुवर्षे टिकायचा. खड्डा पडला तर तेवढा खड्डा बुजवायचा. धड लुगड्याला कोणी ठिगळ लावत नव्हते.

मग मार्चची रीत सुरू झाली. वरून आलेला निधी मार्चअखेरपर्यंत संपला नाही तर परत जातो आणि पुढच्या साली कमी येतो. म्हणून मार्च लागला की रस्ता शोधायची धावपळ. खराब रस्त्याला खोदाई लागते, वेळ लागतो. चांगल्या रस्त्यावर डांबराचा थर झटकन बसतो. पिंजारी गल्लीचा रस्ता चांगला होता, हाच त्याचा गुन्हा. दरसाल त्यावर नवा थर आणि थरावर मी. निधीत नगरपरिषदेला आपला हिस्सा घालावा लागे. तो तिजोरीत नसे. मग कर्ज.

त्या गल्लीत परवीनचे गाद्यांचे दुकान, मागे घर. तिच्या सासूच्या काळी पायऱ्या चढून दारात जावे लागे. थर चढत गेले, पायऱ्या डांबरात गडप झाल्या आणि रस्ता उंबरठ्याच्या बरोबरीला आला. आणखी एक थर पडला की पावसाचे पाणी थेट कापसात, हे तिला दिसत होते. २०१९ च्या मार्चमधल्या एका सकाळी ती चटई टाकून माझ्यासमोर बसली.

"नत्थुभाऊ, बंद करा तुमचं इंजिन. आमाले रस्ता नाही पायजे."

नत्थुजींना हसू आले. "भाभी, लोक रस्त्यासाठी मोर्चे काढतेत अन् तुमी नको म्हणून बसल्या!"

"हाय ना चांगला रस्ता! काहून करून राहिले पुन्हा?"

तेवढ्यात नगराध्यक्ष सूर्यभानजी स्कूटरवर आले. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक लग्नाला जायचा, प्रत्येकाला हो म्हणायचा. "भाभी, निधी वापस गेला तर दुसऱ्या गावाले भेटते. आपल्या गावाचं नुकसान काहून करता? सरकारचा पैसा हाय, तुमच्या खिशातला थोडीच हाय."

"मंग घरपट्टी कोणाच्या खिशातून जाते, भाऊ? सरकार काय कापूस पिंजते? अन् तुमचं ते कर्ज, ते आमीच फेडू ना? मी गादीवाली हाय. खाट पाहून गादी भरते. खाटेहून गादी मोठी केली तर झोपणारा खालीच पडते."

गल्ली हसली. सूर्यभानजीही हसले. "भाभी, तुमाले तर निवडणुकीत उभंच केलं पायजे."

मग कामावरच्या दोघा मजुरांनी तिला उठवून तिची चटई बाजूला ठेवली. आणि त्या धडधाकट रस्त्यावरून मला फिरवले.

त्या पावसाळ्यात पाणी दुकानात शिरले. कापूस भिजला, काळा पडला, कुजला. आता पुढचे ऐका. पाणी उपसायला नगरपरिषदेने पंप घेतला. पंप पुरेना म्हणून नाली बांधली. नालीसाठी पुन्हा कर्ज. नको असलेल्या एका खर्चाने केवढी पिल्ले घातली! तूट वाढत गेली. आलेल्या पैशातून आधी व्याज, उरले तर बाकीचे. झाडणाऱ्या बायकांचे पगार अडले, दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या, घरपट्टी वाढली. खर्च करू नका म्हणून जी रस्त्यात बसली, तिच्याच दारात वाढीव पट्टी येऊन पडली. माझे लोखंडही तापले त्या दिवशी.

खर्च कापा म्हटले की लोक ओरडतात, गरिबाच्या तोंडचा घास काढायला निघाले. अरे, वेळेवर कापला नाही, म्हणूनच तो घास गेला!

पुढे नगरपरिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक म्हणून आरती मॅडम आल्या. पहिल्याच मार्चमध्ये त्यांनी निधी परत जाऊ दिला. "बाई गाव बुडवून राहिली!" अशी चौकाचौकात बोंब झाली. मॅडमनी ऐकले नाही. चांगल्या रस्त्यांवरची कामे बंद, नवे कर्ज बंद, माझे डिझेलही बंद. नत्थुजी निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण कापायचे ते दुसऱ्याचे, आपले नाही, असे ज्याने त्याने म्हटले तर कात्री चालायची कुठे? हळूहळू कर्ज उतरले. बायकांचे पगार वेळेवर होऊ लागले. दवाखान्यात गोळ्या आल्या.

नत्थुजी आता धारणीला मुलीकडे असतात. गावात आले की माझ्या चाकावर हात ठेवून जरा वेळ उभे राहतात. आरती मॅडमची बदली झाली. निरोपाला फारसे कोणी गेले नाही. परवीन मात्र नव्या कापसाची उशी घेऊन गेली. तिने दुकान सोडले नाही. उंबरठ्यावर विटांचा बांध घातला आहे. तो ओलांडून गिऱ्हाईक खाली उतरते, विहिरीत उतरावे तसे.

आणि सूर्यभानजी? ते यंदा पुन्हा निवडून आले. त्यांचा पहिला ठराव माझ्याबद्दल आहे. मला रंग द्यायचा, चौकात चौथरा बांधून वर बसवायचे, भोवती कारंजे, रंगीत दिवे. 'गावाचा वारसा' म्हणे! पैसे कुठून? कर्ज.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी तुमच्याकडे मायेची भीक मागते. मी मागत नाही. मला रंग देऊ नका, चौथरा बांधू नका. मला सरळ भंगारात विका. येतील त्या पैशात परवीनच्या दारापुढचे डांबर खरवडून काढा. तिच्या सासूची एक तरी पायरी उजेडात येऊ द्या.