खिंडीतली माती

"बाई, ही नळी बावीस वर्षं तुमच्याच हातून गेलीय ना?" कुवाबारा साहेबांनी काचेची बशी पुढे सरकवत विचारलं.

बशीभर बुरशी माजली होती. पूर्वी त्या नळीतला ४११७ नंबरचा जंतू असा पिवळसर रस सोडायचा, की बुरशी त्याच्या आसपास फिरकायची नाही. भोवती स्वच्छ गोल राहायचा. त्या रसापासून कंपनी भाताच्या रोगावरचं औषध करायची. गेले तीन महिने त्याने रस सोडणंच बंद केलं होतं.

"माझ्याच," मित्सुए म्हणाली. "दर महिन्याला जुन्या नळीतून नवीत. तापात पण आलेय."

"मग मध्ये कधी अदलाबदल?"

"साहेब, घराची किल्ली विसरते मी. नळी नाही."

साहेब हसले नाहीत. राखून ठेवलेल्या नळ्या भूकंपात फुटल्या होत्या. जंतू मुळात जिथल्या मातीतला म्हणून नोंदवहीत लिहिला होता, त्या नागानोच्या खिंडीतून दोनदा पोती भरून माती आणली, तिच्यात तो जंतू सापडला नाही. म्हणजे डोंगर तरी खोटा किंवा मित्सुए तरी. आणि डोंगर काही मार्चमध्ये निवृत्त होणार नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या पोरी तिने नळ्यांना लावलेल्या चिठ्ठ्या तिच्या पाठीमागे पुन्हा तपासत होत्या. तिला ते दिसत होतं, आणि तिला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं.

दुपारी तिने जुनी नोंदवही काढली. नवे जंतू शोधायला फिरतीवर जाणाऱ्या प्रत्येकाने पिशवीत चमचाभर माती आणायची, असा कंपनीचा नियम. खिडकीत बसून ती नोंदवायची मित्सुएच. तिचंच अक्षर होतं. ४११७. आणणारा, शिगेहारू ओनोदेरा, विक्री विभाग. जागा, नागानोची खिंड. जानेवारी. माती काळी, ओलसर, शिंपल्यांचा चुरा.

शिगेहारू तिचा नवरा. जाऊन सहा वर्षं झाली होती.

डोंगरात शिंपले? समुद्र तिथून दिवसभराच्या वाटेवर. तिने वही मिटली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं, तर साहेब विचारणार, मग तुमचा नवरा होता कुठे? तो प्रश्न आता तिचाच झाला होता.

"कुठे होतात तुम्ही?" घरी तिने फोटोला विचारलं. फोटो नेहमीसारखाच हसत होता. पूर्वी हे हसू तिला भोळं वाटायचं.

त्या खेपेला त्याने न मागता लाकडी कंगवा आणला होता. बावीस वर्षं खणात पडलेल्या कंगव्याचा एकेक दात आता तिला टोचू लागला. समुद्रकाठचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, खोलीची खिडकी, खिडकीशी बसलेली कोणीतरी. चार दिवसांत तिने त्या बाईला नाकडोळेसुद्धा दिले.

रविवारी ती हामानाकांकडे गेली. त्या दौऱ्यात ते शिगेहारूबरोबर होते. म्हातारा संत्रं सोलत बसला होता.

"त्या खिंडीत गेला होतात ना तुम्ही दोघं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गेलो कसले, वहिनी! बर्फ एवढं, की दार उघडेना. तीन दिवस पत्ते कुटले. तुमचा नवरा माझ्याकडून कंगवासुद्धा जिंकला. बायकोसाठी घेतला होता मी."

"आणि माती?"

"माती दिसेल तर आणणार ना! परतीच्या गाडीत याला घाम. म्हणे, खिडकीत बायकोच बसते, रिकाम्या हाताने गेलो तर सगळ्यांसमोर सोलून काढेल. घरी गेल्यावर बघतो काहीतरी." त्यांनी संत्र्याची फोड पुढे केली. "का हो? आता सोलायला काय उरलंय त्याचं?"

मित्सुए हसली नाही. घरी येऊन थेट मागच्या दारी गेली. त्याच्या माघारी गवत उपटायचा कंटाळा म्हणून तिने अंगण सिमेंटने बुजवून टाकलं होतं. कॅमेलियाची एक कुंडी तेवढी राहिली होती. त्या कुंडीत ती लग्नापासून सूपातले शिंपले ठेचून घालत आली होती. तिने बोट खुपसलं. काळी, ओलसर. चुरा नखात शिरला.

सोमवारी साहेबांनी तिने आणलेल्या मातीच्या पिशवीवरची चिठ्ठी वाचली.

"हा तर तुमच्या घरचा पत्ता."

"हो."

"आणि आणणाऱ्याचं नाव जुनंच?"

"माणूस तोच आहे, साहेब. जागा चुकीची लिहिली होती. माझ्याच अक्षरात."

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी तिच्या टेबलावर बशी आणून ठेवली. बुरशीच्या मधोमध नाण्याएवढा स्वच्छ गोल होता. मग ते सगळ्यांच्या देखत तिच्यापुढे कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. तीही वाकली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने कंगवा केसांत खोवला आणि फोटोसमोर उभी राहिली. कंपनीतल्या तिच्या खिडकीशी एखादा रिकाम्या हाताने यायचा आणि खाली मान घालून उभा राहायचा, तशी.