उजेडाला घातलेली शीळ

अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, तरी राव्हनाने उत्तरेचा उजेड, रात्रीच्या आभाळातला तो अरोरा, धड पाहिला नव्हता. आकाश हिरवं व्हायला लागलं की बाई डोक्यावरून शाल ओढून, पायांकडे बघत घर गाठायची. शेजाऱ्यांना वाटे, जुन्या वळणाची, इथल्या मूळ सामी लोकांतली बाई, उजेडाला मान देते. मान कसला! आठ वर्षांची असताना तिने उजेडाला शीळ घातली होती. शीळ घातली की तो खाली उतरून माणूस नेतो, हे त्यांच्यात शेंबडं पोरही जाणतं. त्याच हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ निल्लास तापात गेला. शिळेची गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही.

पण कुतूहल मेलं मरत नाही. म्हणून आज ती लेकीबरोबर, एल्लेबरोबर, फ्योर्दकाठी, डोंगरांमध्ये घुसलेल्या खाडीपाशी, आली होती. संध्याकाळचे सहा वाजले होते, ट्रोम्सो शहराचे दिवे डोंगराआड गेले होते, आणि ती गाडीतून उतरायला तयार नव्हती.

"तू फोटो काढ, मी तेच बघेन. फोटोतला उजेड काही आपल्याकडे बघत नाही."

"बस मग. सगळी कॉफी संपव!"

एल्लेने पहिला फोटो आणून दाखवला. राव्हना नाक टेकवून बघत राहिली.

"कडेला हे जांभळं खरंच असतं? की तुझ्या यंत्राची कलाकारी?"

"खरंच असतं गं. कॅमेरा पंधरा सेकंद टक लावून बघतो, म्हणून त्याला जास्त दिसतं."

एल्ले परत कॅमेऱ्याच्या तिकाठीपाशी गेली. राव्हनाला आणखी एक विचारायचं होतं. तिने गाडीची काच खाली केली. पोरगी शीळ घालत होती.

ती धडपडत धावली आणि लेकीच्या तोंडावर हात दाबून वर बघत राहिली. उजेड उतरतोय का, हे बघायलाच हवं होतं.

"आई, अगं फोटो हलला!"

"कार्टे, शीळ घालतेस? मी घातली आणि निल्लास गेला!"

एल्ले हसली नाही. "पंधरा सेकंद मोजायला मी एक चाल वाजवते, आई. प्रत्येक फोटोला. वीस वर्षं झाली."

"वीस वर्षं?"

"आणि मी इथेच आहे."

राव्हनाने ओठ जुळवले. कवळीतून नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा बारीकशी शीळ वाजली. वर हिरवं, कडेला जांभळं, जिथल्या तिथे हलत होतं.

"म्हणजे तो तापानेच गेला गं," ती म्हणाली, आणि बर्फात बसून सत्तर वर्षांचं रडली.