बाहेरून लावायचं कुलूप

अनसूयाबाईंच्या शुक्रवार पेठेतल्या घराला बाहेरून कुलूप कधी लागलंच नव्हतं. थोरले भाऊ चिंतामणी, त्यांचे अण्णा, पायाने अधू; सदा घरातच. बाई शाळेतून येवोत की मंडईतून, आतली कडी काढायला अण्णा असायचे. दिवाळीनंतर अण्णा गेले. दिवसकार्याला आलेली माणसं पांगली, आणि दुधाला निघालेल्या बाई दारातच थबकल्या. दार ओढून घेतलं खरं, पण लावायचं कशाने?

सुतार आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. शेवटी बाईंनी स्वतःच कडी-कोयंडा बसवायचा म्हणून अण्णांचं ड्रिल मशीन काढलं आणि फुटपाथवरून त्याला लावायच्या सोनेरी बिटांचा एक सेट आणला. लाकडी दाराला ओबडधोबड का होईना, भोक पडलं. लोखंडी चौकटीवर मात्र बिट नुसतं घसरलं, धूर निघाला आणि टोक काळं पडलं.

ते घेऊन त्या निंगप्पाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. म्हाताऱ्या निंगप्पाने बिट उजेडात धरलं.

"बाई, ह्यो नुसता रंग हाय की. सोनेरी दिसलं म्हणून पोलाद चांगलं असतंय व्हय?"

"मग ओळखायचं कसं?"

त्याने दुसरं बिट काढून काचेच्या काउंटरवर घरंगळत सोडलं. "डुगडुगलं तर वाकडं समजायचं. दांड्यावर एचएसएस, म्हंजी कडक पोलाद, असं कोरलेलं बघायचं. टोकाच्या दोनी धारा सारख्या पायजेत. हे लोखंडाला. आन् हे दुसरं बघा, ह्याला मधी सुईवानी टोक हाय न्हवं, ते लाकडाला. जागचं हलत न्हाय."

बाईंना कळलं होतं, तरी त्या एकेक बिट हातात घेऊन विचारत राहिल्या. 'जपून राहा' यापलीकडचं काही कितीतरी दिवसांत कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं.

"आदी खिळ्यानं खड्डा पाडा. तेलाचा थेंब टाका, मशीन सावकाश चालवा. आन् कोयंडा धरायला घरातल्या कुणाला तरी सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या.

नवी बिटं घेऊन घरी आल्यावर त्यांनी कोयंडा चिकटपट्टीने चौकटीवर बसवला, मशीनला खांद्याचा जोर दिला. चकचकीत कीस वळ्यावळ्यांनी खाली पडू लागला आणि बिट एकदम आरपार गेलं.

"अण्णा, पडलं भोक!" त्या वळून ओरडल्या.

आत पलंगावर घडी घातलेली चादर होती. बाई उंबऱ्यावर बसल्या, मशीन मांडीवर तसंच, कोमट.

ऊन कललं तेव्हा राहिलेले स्क्रू पिळून झाले आणि कुलूप लागलं. त्याला किल्ल्या दोन होत्या. एक कुणाकडे तरी ठेवावी म्हटलं, तर शेजारच्या बाळाबाई लेकाकडे मोहोळला गेलेल्या, भाची परगावी. बाईंनी दोन्ही किल्ल्या एकाच कडीत ओवल्या, कुलूप ओढून पाहिलं आणि पिशवी घेऊन मंडईकडे निघाल्या.